पाड्यावरचा कुत्रा, परळचे यंत्र

कुत्र्या-मांजरांच्या शरीरात डोकावून पाहण्याच्या शास्त्राने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोठी मजल मारली आहे. एक्स-रे डिजिटल झाला, सोनोग्राफीचे यंत्र खिशात मावू लागले, सीटी आणि एमआरआय मुंबईत कुत्र्यांसाठीही होऊ लागले आणि आता निघालेला फोटो वाचायला संगणकही येऊन बसला आहे. या सगळ्याचा आढावा मुंबईत परळच्या किंवा महालक्ष्मीच्या जनावरांच्या रुग्णालयात बसून घेता येईल. मला तो जव्हार आणि मोखाड्याच्या बाजूने घ्यायचा आहे. यंत्रांची रांग हाताशी असली की कुठले संशोधन खरोखर कामाचे हे कळत नाही. जिथे फार तर एक यंत्र परवडेल आणि एकाच प्रश्नाचे उत्तर मिळेल, तिथे ते लगेच कळते.

पालघर जिल्ह्यातले हे दोन डोंगरी तालुके. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजाची. शेती भात, नाचणी, वरईची. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कुत्रा कधी बरोबर जातो, कधी शेजाऱ्याच्या ओट्यावर राहतो. हा कुत्रा पट्ट्याचा नाही. तो शेळ्यांमागे फिरतो, रात्री अंगणात भुंकतो, शेतात रानडुक्कर शिरले तर अंगावर जातो आणि बिबट्याच्या तावडीत पहिला तोच सापडतो. मांजर कणगीतल्या धान्यावरचे उंदीर राखते. इथले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने उभे राहिले ते गाय-बैल, म्हैस, शेळी आणि कोंबडीसाठी. १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारे फिरते पथकही मुळात पशुधनासाठी आहे. कुत्र्याला तिथे लस मिळते, जखम शिवून मिळते. त्यापुढची तपासणी हवी असेल तर घाट चढून त्र्यंबकमार्गे नाशिक गाठायचे, नाहीतर विक्रमगड-मनोरवरून मुंबई. जव्हारहून नाशिक सुमारे ऐंशी किलोमीटर आणि परळ दीडशेच्या घरात.

एक आक्षेप आधीच घ्यायला हवा, कारण तो खरा आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली तेव्हा राज्याला हा भाग पहिल्यांदा नीट दिसला. आजही पावसाळ्यात एखाद्या पाड्यावरून गरोदर बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याची बातमी येते. अशा ठिकाणी कुत्र्याच्या सोनोग्राफीची भाषा करायची का? माझे उत्तर असे की माणसाच्या वाट्याचा एक रुपयाही इकडे वळता कामा नये. पण पशुवैद्यक तिथे आधीच नेमलेला आहे, त्याची गाडी आधीच फिरते आहे, आणि शेळी व्यायली नाही किंवा बैलाचे पोट फुगले तर त्याला लागणारे यंत्र तेच आहे. कुत्र्याचा प्रश्न त्याच यंत्रावर सुटणार असेल तर तो सोडवण्यात कुणाचे काही जात नाही. शिवाय रेबीजच्या मुळाशी कुत्रा आहे. कुत्र्याकडे नीट पाहणारा डॉक्टर पाड्यावर असणे ही माणसाच्या आरोग्याचीच बाब आहे.

आता संशोधनाकडे. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा निबंध एमआरआयवरचा नाही. तो २००४ साली बॉयसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेला आहे. त्यांनी गाडीखाली आलेले १०० कुत्रे घेतले आणि दाखल होताच त्यांच्या पोटावर चार ठिकाणी सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: इथे मोकळे पाणी आहे की नाही? ४५ कुत्र्यांमध्ये ते आढळले. सुईने काढून पाहिले तेव्हा बहुतेकांत ते रक्त होते, दोघांत मूत्र. महत्त्वाचे हे की तपासणारे रेडिओलॉजीचे तज्ज्ञ नव्हते. थोडक्या प्रशिक्षणावर, काही मिनिटांत हे काम झाले. माणसांच्या अपघात विभागात जी पद्धत ‘फास्ट’ नावाने रुळली होती, ती कुत्र्यांवर चालते हे त्यातून ठरले.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहण्यासारखे आहे. कुत्र्याला उजव्या कुशीवर निजवतात. केस भादरायला वेळ नसेल तर हाताने फाकवतात आणि जेलऐवजी स्पिरिट ओततात. पहिली जागा छातीच्या हाडाच्या टोकामागे, यकृत आणि छाती-पोटामधला पडदा यांच्यामध्ये. दुसरी डाव्या बरगड्यांमागे, प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्याशी. तिसरी मूत्राशयावर. चौथी खालच्या अंगाला, उजव्या मूत्रपिंडाजवळ. निरोगी पोटात अवयव एकमेकांना चिकटून, करड्या रंगाच्या कमी-जास्त छटांत दिसतात. रक्त साचले असेल तर दोन अवयवांच्या फटीत टोकदार कोपऱ्यांचा काळा त्रिकोण उघडतो. पित्ताशय आणि मूत्राशयही काळेच दिसतात, पण त्यांच्या कडा गोल आणि भिंत स्पष्ट असते. नवशिक्याने घोळ घालायचा तो इथेच, आणि दहा-वीस जनावरे पाहिली की तो घोळ बहुतेक संपतो.

पुढे टेक्सासमधल्या लिसिआंड्रो यांनी २००९ मध्ये या चार जागांना गुण दिले. एका जागी पाणी दिसले तर एक, चारही ठिकाणी दिसले तर चार. तीन-चार गुण मिळालेल्या अपघाती कुत्र्यांत रक्त झपाट्याने कमी झाले आणि त्यांना रक्त चढवावे लागण्याची शक्यता अधिक निघाली. एक-दोन गुणांवर थांबलेले कुत्रे सहसा तितके खालावत नाहीत. म्हणून चार तासांनी पुन्हा प्रोब लावायचा आणि गुण वाढले का पाहायचे. जव्हारच्या दृष्टीने या एका आकड्यात सगळा निर्णय आहे. मोटारसायकलने उडवलेला कुत्रा समोर निपचित पडला आहे. त्याला सलाईन लावून इथेच ठेवायचे की जीप ठरवून नाशिकला धाडायचे? मालकाची आठवड्याची मजुरी त्या जीपच्या भाड्यात जाते. एक गुण आणि चार तासांनी पुन्हा एकच गुण, तर जीप नको. पहिल्यालाच तीन आले, तर जीप लगेच हवी, किंवा मालकाला स्पष्ट सांगायला हवे की हा वाटेत टिकेल याची खात्री नाही.

याच धाग्यात छातीवरचे काम येते. रानडुकराचा सुळा बरगड्यांत घुसला की बाहेर बोटभर भोक दिसते आणि आत हवा भरते. श्वासाबरोबर फुफ्फुस छातीच्या आतल्या बाजूला सरकताना पडद्यावर जी झिलमिल हालचाल दिसते ती थांबली, तर हवा साचल्याचा संशय घ्यायचा. फुफ्फुसात पाणी असेल तर पडद्यावर वरून खाली उभे पांढरे पट्टे उतरतात. धाप लागलेल्या कुत्र्या-मांजरांत हे पट्टे मोजून हृदयामुळे आलेले पाणी ओळखता येते, असे २०१७ मध्ये वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पण हे पट्टे न्यूमोनियात, मार लागून फुफ्फुसात रक्त उतरले तरी दिसतात. धापेने अर्धमेल्या मांजराला एक्स-रेसाठी उताणे केले तर ते टेबलावरच मरू शकते, हे प्रत्येक पशुवैद्यकाला ठाऊक आहे. सोनोग्राफी त्याला बसल्या जागी, टोपलीत असतानाही करता येते. मांजरांसाठी या तंत्राचा मोठा फायदा कुठला म्हणाल तर हाच.

पित्ताशयाचीही एक गोष्ट आहे. २००९ मध्ये क्वांट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तीव्र ॲलर्जीच्या झटक्यात कुत्र्याच्या पित्ताशयाची भिंत सुजते आणि सोनोग्राफीत तिच्याभोवती वलय दिसते. आग्या मोहोळ उठले आणि माणसांबरोबरचा कुत्रा सापडला, तर तो कशाने कोसळला हे ठरवायला हा धागा कामी येतो. पुढे कळले की हृदयाभोवती पाणी साचले, रक्ताचे काही आजार झाले, तरी असेच वलय दिसू शकते. नवे चिन्ह सापडले की सुरुवातीला ते एकाच रोगाचे वाटते आणि हळूहळू त्याचे आणखी धनी निघतात. या क्षेत्रातले निबंध वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

एक्स-रेबद्दल कमी लिहिले तरी चालेल असे वाटते, कारण तो जुना आहे. पण गावठी कुत्र्याच्या आयुष्यात सगळ्यात जास्त उपयोग अजूनही त्याचाच. मोडलेला पाय आडवा आणि उभा असा दोन्ही बाजूंनी काढलेल्या फोटोत पाहायचा असतो. एकाच फोटोवर हाड सरळ दिसते आणि दुसऱ्यात दोन तुकडे एकमेकांवर चढलेले निघतात. अडलेल्या कुत्रीच्या पोटात किती पिल्ले आहेत हेही एक्स-रेच नेमके सांगतो; पिल्लांची हाडे गाभणपणाच्या ४५ दिवसांच्या आसपास फोटोत दिसू लागतात. सोनोग्राफी पिल्ले मोजण्यात कच्ची, पण ती जिवंत आहेत का हे तीच सांगते. पिल्लाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २०० च्या वर असायला हवेत. ते १८० च्या खाली घसरले तर पिल्लू गुदमरते आहे आणि वाट पाहण्यात अर्थ नाही.

इथे एक गोष्ट ठळकपणे लिहायला हवी, कारण तिच्यात माणसाचा जीव गुंतलेला आहे. ‘घशात हाड अडकलंय’ ही तक्रार घेऊन कुत्रा येतो. तोंड उघडे, जबडा लोंबलेला, लाळ गळते आहे, गिळता येत नाही. मालकाने घरी तोंडात हात घालून पाहिलेले असते. खरोखर हाड असू शकते आणि ते एक्स-रेवर दिसेलही. पण मुक्या प्रकारच्या रेबीजचे चित्र हुबेहूब हेच असते. तो कुत्रा सहसा चावत नाही, पिसाळल्यासारखा धावत नाही, नुसता जबडा टाकून बसतो. लस न दिलेल्या कुत्र्यात ही लक्षणे दिसली तर फोटोची घाई करू नये. तोंडात हात तर मुळीच घालू नये. ज्यांच्या हातावर खरचटल्यावर लाळ लागली असेल त्यांना आधी माणसांच्या दवाखान्यात लसीसाठी पाठवावे. रेबीजचे पक्के निदान मेल्यानंतर मेंदूच्या तपासणीतूनच होते. कोणत्याही एक्स-रेत, सीटीत वा एमआरआयत त्याची खात्रीची खूण नाही. निदानाचे यंत्र जिथे नवे येते तिथे सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे मागण्याचा मोह होतो. रेबीजच्या बाबतीत तो मोह जीवघेणा आहे.

फोटो न काढताच काम भागते अशीही काही दुखणी आहेत. मोकाट कुत्र्यांत समागमातून पसरणारा जननेंद्रियाचा गाठीचा कर्करोग आपल्याकडे सर्रास आढळतो. तो सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही आणि आठवड्याला एक इंजेक्शन अशा व्हिन्क्रिस्टीनच्या उपचाराने बहुधा बरा होतो. त्यासाठी छातीचे फोटो काढत बसणे म्हणजे मालकाच्या खिशाला नाहक भोक. गोचिडांतून येणाऱ्या तापात प्लीहा सुजलेली सोनोग्राफीत दिसते खरी, पण कानाच्या टोकावरून घेतलेल्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर कारण अधिक स्वस्तात सापडते.

आता त्या प्रश्नाकडे वळतो ज्यावर संशोधकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. फोटो कुणाच्या कुत्र्याचे आहेत? १९९५ साली बुकॅनन आणि ब्यूशेलर यांनी कुत्र्याचे हृदय मोजण्याची एक साधी युक्ती दिली. छातीच्या आडव्या एक्स-रेवर हृदयाची लांबी आणि रुंदी घ्यायची, ती दोन्ही मापे छातीच्या चौथ्या मणक्यापासून पाठीच्या कण्यावर टेकवायची आणि किती मणके भरतात ते मोजायचे. १०० निरोगी कुत्र्यांत दोन्ही मापांची बेरीज सरासरी ९.७ मणके निघाली. साडेदहाच्या पुढे गेली की हृदय वाढले असे मानायची पद्धत पडली. कर्कट, पट्टी आणि डोळा एवढ्यावर होणारे हे मोजमाप जगभर पसरले, कारण कुत्रा लहान असो की मोठा, त्याचा गज त्याच्याच पाठीत असतो.

पण जाती बदलल्या तसा हा आकडा डगमगू लागला. लंडनमध्ये लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाहिले तेव्हा बॉक्सर, लॅब्राडोर, कॅव्हेलियर अशा जातींची निरोगी हृदयेही जुन्या मर्यादेपलीकडे जात होती. ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या कुत्र्यांचे हृदय तर मुळातच मोठे. आपल्या मराठवाड्यातली कारवानी ही त्याच बांध्याची जात. तिला साडेदहाची मर्यादा लावली तर धडधाकट कुत्रा हृदयरोगी ठरायची भीती आहे. भारतात इज्जतनगरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये स्पिट्झ, लॅब्राडोर आणि गावठी कुत्रे यांच्या छाती मोजल्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र निकष हवा असे मांडले. असे काम अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले आहे. नाचणीच्या भाकरीवर आणि उष्ट्यावर वाढलेल्या, दिवसभर डोंगर चढणाऱ्या, बारा-पंधरा किलोच्या पाड्यावरच्या कुत्र्याचे निरोगी हृदय केवढे असते, याचा मोठा मोजणीसंच कुणी करायला हवा.

हा नुसता अभ्यासकांचा वाद नाही, औषधाचा प्रश्न आहे. २०१६ मध्ये ‘एपिक’ या चाचणीत ३६० कुत्र्यांवर पिमोबेन्डान हे औषध तपासले गेले. झडप गळू लागलेली पण अजून धाप न लागलेली हृदये त्यात घेतली होती. औषध मिळालेल्या कुत्र्यांत हृदय निकामी होणे सरासरी सव्वा वर्षाने लांबले. कुणाला औषध द्यायचे हे ठरले ते इकोवरच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) मापांनी आणि त्याच मणक्यांच्या मोजणीने. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेने जिथे इको होऊ शकत नाही तिथे मोजणी ११.५ पर्यंत गेली तर हृदय वाढल्याचे मानण्यास हरकत नाही, असे म्हटले. म्हणजे एक्स-रेवरच निर्णय घ्यावा लागणाऱ्या डॉक्टरसाठी उंबरठा मुद्दाम उंच ठेवला. यंत्र नाही म्हणून हात वर न करता, यंत्र नसताना किती खात्री पुरे हे सांगणारा हा नियम मला फार आवडतो. जव्हारच्या बाजारपेठेत आता स्पिट्झ आणि लॅब्राडोर पाळणारी घरेही आहेत. त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या खोकल्याला हा नियम थेट लागू पडतो.

मांजरांच्या बाबतीत साध्या मांजरांकडे पाहणारे एक चांगले उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये पेन आणि सहकाऱ्यांनी आश्रयगृहांतल्या वरकरणी निरोगी ७८० मांजरांची इको केली. हा ‘कॅटस्कॅन’ अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ १५ टक्के मांजरांत हृदयाची भिंत जाड झालेली निघाली. त्याहून कितीतरी अधिक मांजरांत छातीत मर्मर (ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू आली, पण त्यांतल्या बहुतेकांचे हृदय ठीक होते. स्टेथोस्कोपवर मर्मर ऐकून मालकाला घाबरवू नये आणि मर्मर नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, हे दोन्ही त्यातून कळते. ज्या जनावरांची वंशावळ नाही, मालकही नाही, त्यांच्यावर केलेल्या अभ्यासातून हे ज्ञान आले. आपल्याकडेही कुत्रे-मांजरे नसबंदीसाठी हजारोंनी भूल देऊन टेबलावर येतात. त्याच वेळी दोन फोटो आणि चार मापे घेतली तर गावठी जनावरांचे निकष काही वर्षांत तयार होतील. १८८६ पासून चालत आलेले परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याच आवारातले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय यांच्यापेक्षा या कामाला अधिक योग्य जागा मला दिसत नाही.

सीटी आणि एमआरआयची प्रगती डोळे दिपवणारी आहे, पण इथे तिच्यावर फार रेंगाळत नाही. २००६ च्या एका अभ्यासात कर्करोग झालेल्या कुत्र्यांच्या फुफ्फुसांत सीटीने दाखवलेल्या गाठींपैकी साध्या एक्स-रेवर जेमतेम ९ टक्के दिसल्या होत्या. इलिनॉयमध्ये धाप लागलेल्या मांजराला भूल न देता पारदर्शक नळीत ठेवून सीटी करण्याची सोय झाली. मागचे पाय अचानक लुळे पडलेल्या डॅशहंडचा मणक्यातला दाब नेमका कुठे आहे हे एमआरआयने इतके स्पष्ट होते की शल्यचिकित्सक थेट तिथेच जातो. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे पाळीव प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाल्यावर हे सगळे राज्यात एका छताखाली आले. मोखाड्याच्या कुत्र्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की पाठवणाऱ्या डॉक्टरला कुणाला पाठवायचे हे कळायला हवे. मागचे पाय गेले, पण बोटे चिमटली की कळवळतो, त्या कुत्र्याला लवकर पाठवले तर आशा असते. खोलवरची संवेदना जाऊन दिवस उलटले असतील तर एवढा प्रवास करवून त्याला आणि मालकाला शिणवू नये. ही पारख यंत्रात नाही, चिमटा धरलेल्या हातात आहे.

दातांचे एक्स-रे हा मात्र दुर्लक्षित कोपरा. १९९८ मध्ये व्हर्स्ट्राटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वरून निरोगी दिसणाऱ्या दातांखालीही अनेक कुत्र्यांत आणि त्याहून जास्त मांजरांत लक्ष देण्याजोगे काहीतरी सापडते. शहरातल्या दवाखान्यांनीही याचा पुरेसा फायदा घेतलेला नाही.

राहिला संगणक. फोटो वाचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर २०२० पासून निबंधांचा पूर आला आहे. कुत्र्याच्या छातीच्या फोटोवरून हृदयाचा डावा कप्पा वाढला का हे ओळखणे, मणक्यांची मोजणी आपोआप करणे, फुफ्फुसातले डाग दाखवणे ही कामे बऱ्यापैकी होतात. २०२५ मधल्या एका तुलनेत बाजारातले एक सॉफ्टवेअर चांगल्या रेडिओलॉजिस्टच्या बरोबरीने उतरले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या पशुवैद्यकीय रेडिओलॉजिस्टांच्या संघटनांनी संयुक्त भूमिका घेतली: बाजारातले कोणतेही सॉफ्टवेअर पारदर्शकता, पडताळणी आणि सुरक्षितता यांच्या कसोटीला अजून पुरेसे उतरलेले नाही, आणि फोटोवर माणसाची नजर असलीच पाहिजे. ही दोन्ही विधाने एकमेकांना खोडत नाहीत. एका ठरावीक फोटोसंचावर बरोबर उत्तर देणे वेगळे आणि कुणाही कुत्र्याच्या कशाही फोटोवर विश्वास टाकता येणे वेगळे.

माणसांच्या बाबतीत हा अनुभव आपण घेतलेला आहे. क्षयरोगाच्या तपासणीसाठी संगणकाने छातीचा फोटो वाचण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, १५ वर्षांवरील व्यक्तींपुरती, मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये देशात सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रे वस्त्यांपर्यंत गेली. बॅटरीवर चालणारे, दोन हातांत उचलता येणारे यंत्र पाड्यावर चालते, हे त्यातून सिद्ध झाले. पण तिथे प्रश्न एकच होता, रोग एक होता, शरीराचा आकार साधारण सारखा होता, आणि संशयित निघाला तर थुंकीची पक्की चाचणी पुढे होती. कुत्र्यात दोन किलोपासून सत्तर किलोपर्यंतची शरीरे आहेत, रोग शेकडो आहेत आणि पक्की चाचणी अनेकदा नाहीच. विलायती जातींच्या फोटोंवर शिकलेला संगणक पाड्यावरच्या कुत्र्याची अरुंद, खोल छाती पाहून काय म्हणेल? आपल्या कुत्र्यांवर तपासल्याशिवाय त्याचे म्हणणे मी सल्ला म्हणून ऐकेन, निर्णय म्हणून नाही. दूरच्या तज्ज्ञाला फोनवर फोटो पाठवून मत घेणे मला आजच्या घडीला अधिक भरवशाचे वाटते. सिग्नल मिळेपर्यंत टेकडी चढावी लागली तरी.

यंत्र पाड्यावर न्यायचे म्हटले की कायदा आडवा येतो, आणि तो येणे योग्यच आहे. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. गर्भाचे लिंग ओळखू शकणारे कोणतेही यंत्र नोंदणीशिवाय विकता येत नाही, आणि २०१२ च्या नियमदुरुस्तीने हातात नेता येणाऱ्या यंत्रांवर आणखी बंधने आली. कुत्र्याच्या पोटावर चालणारा प्रोब बाईच्या पोटावरही चालतो. मुलींची संख्या घटवणारे यंत्र जनावरांच्या डॉक्टरच्या पिशवीतून गावात शिरू नये, ही काळजी रास्त आहे. म्हणून पशुवैद्यकीय पथकाला असे यंत्र द्यायचे असेल तर नोंदणी, प्रत्येक तपासणीची वही, यंत्रात साठलेले चित्र आणि तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याची पाहणी या चारही गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. एक्स-रेला किरणोत्सर्गाचे नियम आहेत. आपल्याकडे कुत्र्याला मालकच धरतो आणि फोटो निघतो, ही सवय मोडायला हवी. हलकी गुंगी द्यावी, वाळूच्या पिशव्यांनी पाय दाबावेत आणि धरणे टाळता येत नसेल तर शिशाचा ॲप्रन घालावा. पोरांना तर तिथे उभे करूच नये.

पशुसंवर्धन विभागाने जव्हार आणि मोखाड्याच्या एका फिरत्या पथकाला नोंदणी केलेले एक सोनोग्राफी यंत्र द्यावे. पथकातल्या डॉक्टरला परळला दोन आठवडे अपघाती कुत्र्यांवर आणि गाभण शेळ्यांवर हात बसवू द्यावा. वर्षभर एका वहीत पाचच रकाने भरावेत: जनावर कुठले, प्रश्न कोणता विचारला, पडद्यावर काय दिसले, त्याने उपचार बदलला का, आणि महिन्याने ते जिवंत आहे का. चौथ्या रकान्यात ‘नाही’ जास्त आले तर यंत्र परत घ्यावे. ‘हो’ जास्त आले तर दुसरे यंत्र डहाणू-तलासरीला जावे, आणि ती वही परळच्या महाविद्यालयाने मराठीत छापावी.